धूर दिसेपर्यंत

मिराबाई रोज पहाटे केरसुणी हातात घेऊन अंगणात यायची आणि झाडायला वाकण्याआधी विचारायची, "वाटेवर कोन हाय?"

प्रश्न कुणा एकाला नसे. घरात लेक निता असली तर तिला, नसली तर दावणीच्या म्हशीला, नाहीतर नुसताच हवेला. पण उत्तर स्वतःच्या मनाशी पक्कं झाल्याशिवाय तिची केरसुणी जमिनीला लागत नसे. घरातलं माणूस प्रवासात असलं, की ते पोचल्याचं कळेपर्यंत घर तसंच. माणूस निघाल्यावर पाठोपाठ केर काढू नये, हे इकडं सगळीच घरं पाळतात. पण बाकीच्या बाया माणूस दिसेनासं झालं की तासाभरात पदर खोचून कामाला लागतात. मिराबाईला पोचल्याची खूण हवी असायची.

ही खूण तिला सासूकडून मिळाली होती, सासूला तिच्या सासूकडून. फार पूर्वी त्यांचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. त्याला लदेणी म्हणत. भरलेले बैल पुढं निघायचे, म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या मागं राहायच्या. पुढचे नव्या मुक्कामाला पोचून चूल पेटवायचे. मागच्या बाया टेकडावर चढून लांबवर बघत राहायच्या. धूर दिसला की आपली माणसं सुखरूप टेकली, असं समजायचं. मग जुन्या मुक्कामाची जागा झाडून उठायचं. त्याआधी झाडलं तर पुढं गेलेल्यांचा माग पुसला जातो, त्यांना मागं फिरायची वाट सापडत नाही, असं सासू सांगायची.

बैल गेले, लदेणी गेली. शिरड शहापूरच्या अलीकडच्या माळावर अमरसिंग नायकाचा तांडा कायमचा बसला, पत्र्याच्या जागी स्लॅब आले. धूर तेवढा मिराबाईच्या घरात शिल्लक राहिला. मोबाईल आल्यावर तर धूर काढणं अगदीच सोपं झालं. घरातलं कुणीही बाहेर निघालं की ती म्हणायची, "पोचला की धूर काढा." आणि पोचलेला माणूस फोनवर म्हणायचा, "याडी, धूर काढला गं." याडी म्हणजे आई. एवढं ऐकलं, की ती फोन ठेवायची आणि केरसुणी उचलायची.

निताला या सगळ्याचा कधीकधी वीट यायचा. नवऱ्याचं घर सोडून ती आईकडे परत आली होती आणि औंढ्याला एका टेलरच्या दुकानात ब्लाउज शिवायला जायची. शेअर जीपनं अर्ध्या तासाची वाट.

"याडी, औंढ्याला जायला काय इमान लागतंय का? झाडून घेत जा ना तू. रोज कोन फोन करंल?"

"नको करू. मी बसते तशीच."

ती खरोखर तशीच बसायची. मग निता दुकानात पाय ठेवल्याठेवल्या एक मिस कॉल द्यायची.

पण शेवटची सहा वर्षं या सवयीला एक शेपूट जोडलं गेलं होतं. मिराबाई सगळं घर झाडायची, ओसरी झाडायची, अंगण झाडून त्यावर सडा मारायची. फक्त दारामागचा एक कोपरा सोडायची. वीतभर जागा. तिथं माती साठायची, कोळ्याची जाळी व्हायची, कापसाच्या बोंडाची टरफलं वाऱ्यानं येऊन बसायची. तिची जाऊ सुमनबाई शेजारीच राहायची. ती येता-जाता हसायची.

"मिरा, तुझ्या त्या कोपऱ्यातून इंचू निघंल एक दिस."

"निघू दे. त्याची बी कुनीतरी वाट बघत आसंल."

त्या कोपऱ्याचं खरं कारण फक्त निताला माहीत होतं.

मिराबाईचं आयुष्य तसं वाटेवरच गेलं होतं. पूर्णेच्या पलीकडच्या तांड्यात ती जन्मली, लग्न होऊन इकडं आली आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर, हिरासिंगबरोबर, ऊसतोडीला गेली. पुढं कित्येक वर्षं तेच. दिवाळी झाली की घराला कुलूप, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी आणि लेकरं, कारखान्याच्या माळावर पाचटाची झोपडीवजा कोपी, पहाटे कोयता. उन्हाळ्यात परत. तिला कुणी विचारलं की तू कुठं कुठं गेलीस, तर ती गावांची नावं सांगत नसे. मोळ्या बांधताना कुठल्या रानात पाणी गोड होतं, ते सांगायची.

मुलगा संतोष शाळेच्या वयाचा झाला तेव्हा तिनं त्याला ट्रॉलीत बसवलं नाही. आश्रमशाळेत घातलं. हिरासिंग त्याला सोडायला गेला आणि तिथूनच पुढं मुकादमाला भेटायला निघून गेला. पोरगं पोचल्याचं सांगायला कुणीच आलं नाही. आठवडाभर मिराबाईचं घर झाडलेलं नव्हतं. शेवटी बाजाराहून येणाऱ्या कुणीतरी सांगितलं, की तुमचं पोरगं मैदानात खेळताना दिसलं, चड्डी फाटलेली होती पण रडत नव्हतं. त्या दिवशी तिनं दोन टोपल्या केर काढला. ही गोष्ट ती पुढं नेहमी हसून सांगायची. त्या हसण्यात तो आठवडाभराचा तिचा घोर कुणाला दिसत नसे.

हिरासिंग एका हंगामात कारखान्यावरच तापानं गेला. त्यानंतर तिनं कोयता खुंटीला अडकवला. कालव्याजवळची दीड एकर जमीन, एक म्हैस आणि दोन लेकरं. संतोषनं डिप्लोमा केला, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, मग कुणाच्या तरी नादानं परदेशाच्या खटपटीला लागला. एक दिवस तो घरी आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, "याडी, मी कॅनडाला चाललो."

"किती लांब?"

"हैदराबादहून जवळजवळ तेरा हजार किलोमीटर."

हा आकडा तिच्या अंगाला लागलाच नाही. तिनं दुसरं विचारलं. "किती मुक्काम?"

"एकच. मधी एका ठिकानी इमान बदलायचं."

"मंग काय लांब न्हाई," मिराबाई म्हणाली. तिला मनापासून तसं वाटलं. पंधरा मुक्कामांचा कारखाना तिनं पाहिला होता. एका मुक्कामाचा देश लांब कसा असेल?

ऑगस्टचे दिवस होते. सुदामनं आपल्या जीपमधून त्याला हैदराबादला नेलं. सुदाम तांड्यातलाच, तोंडाचा मोकळा, जीप चालवतो त्याहून जोरात बोलणारा. आदल्या दिवशी सगळा तांडा जेवायला होता. घरभर पत्रावळ्यांचे तुकडे, भाताची शितं, लेकरांनी सांडलेलं. तांड्याच्या बाया येऊन मिराबाईच्या गळ्यात पडून सुरात रडून गेल्या होत्या. घर तसंच पडलं होतं. पहाटे सुदामचा फोन आला.

"काकू, उडालं बरं का इमान! म्या तिकीट बघितलं संत्याचं. चार वाजता उतरतंय."

"दुपारी चार?"

"व्हय, आजच. बराबर चार."

दिवसभर ती पत्रावळ्यांच्या पसाऱ्यात बसून राहिली. मुंग्या लागल्या. म्हशीचं दूध काढलं, चहा केला, पण केराला हात लावला नाही. चार वाजले. फोन आला नाही. सहा वाजत आले. सुमनबाई ओसरीवर आली आणि नाकाला पदर लावला.

"आगं, तिथं गेल्यावर दुसरं कार्ड घ्यावं लागतंय फोनला. लगीच कसा लागंल? चारला उतरतंय म्हनलाय ना सुदाम? उतरला आसंल की. आन आता दिवे लागायची येळ व्हईल. दिवा लागल्यावर झाडशील का? लक्ष्मीला हाकलशील का?"

हाच तो पेच होता. माणूस पोचल्याशिवाय झाडायचं नाही. आणि दिवा लागल्यावरही झाडायचं नाही. एवढी वर्षं हे दोन नियम एकमेकांच्या आडवे आले नव्हते. घरभर उष्टं पडलेलं. रात्रभर उष्टं ठेवायचं म्हणजे तिसरंच पाप. मिराबाईनं पडवीतल्या उन्हाकडं बघितलं, मग मोबाईलकडं. आणि आयुष्यात पहिल्यांदा धूर न बघता तिनं केरसुणी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संतोषचा फोन आला. आवाज जवळचा, शेजारच्या घरातून आल्यासारखा.

"याडी, धूर काढला! तुमी झोपलेले आसाल म्हून रातीला फोन केला न्हाई."

"रातीला? तू तर चारला उतरलास ना?"

"हितले चार, याडी. हितं दुपारचे चार वाजले तवा तुमच्याकडं मध्यरात्र उलटून गेली व्हती. हितलं घड्याळ मागं हाय आपल्या."

मिराबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "मंग काल आपल्या हितं चार वाजले, तवा तू कुठं व्हतास?"

तो हसला. "वाटेवरच की. निम्मं बी झालं नसंल."

तिनं फोन निताच्या हातात दिला आणि ती बाहेर गेली. निता बोलून झाल्यावर बघते तर याडी उकिरड्याजवळ उभी होती. आदल्या दिवशीचा केर तिथं पडला होता आणि ती त्याच्याकडं बघत होती. वेचून परत आणता येईल का, असा विचार करत असल्यासारखी.

त्या दिवसापासून दारामागचा कोपरा सुटला. "तेवढा तरी माग राहू दे," असं ती एकदाच निताला म्हणाली. आणि पुढं, "त्याला सांगू नको कधी. मी मधीच झाडलं म्हून."

संतोष दोन वर्षांत येतो म्हणून गेला होता. दुसऱ्या वर्षी जगभर आजार आला, विमानं बंद झाली. मग त्याचे कागद अडकले. कागद सुटेपर्यंत देश सोडता येत नव्हता. सोडला तर परत आत घेतील याचा भरवसा नव्हता. मग नोकरी गेली, दुसरी लागली. तिकडं तो मोठा ट्रक चालवायला लागला. हे कळल्यावर मात्र मिराबाईला हसू आलं होतं.

"काय भरतोस ट्रकात?"

"काय बी. फ्रीज, कागद, बटाटे."

"म्हंजे लदेणीच की रं! एवढं शिकून पुन्हा लदेणी." आणि मग, "मीठ भरतोस का न्हाई?"

"कधीमधी. रस्त्यावर बर्फ पडतो ना, त्याच्यावर टाकायला."

रस्त्यावर मीठ टाकतात, हे तिनं तांडाभर सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही.

पण फोन ठेवल्यावर तिचं तोंड मिटायचं. निता समजावून थकली. "याडी, कागदामुळं अडकलाय तो. तिथल्या सरकारचा कायदा हाय. केरसुणीचा काय संबंध?" मिराबाई मान हलवायची. कायदा तिला मान्य होता. पण इतक्या लोकांची लेकरं जाऊन येतात, कळमनुरीच्या मास्तरांचा पोरगा दरसाल येतो, मग नेमके आपल्याच पोराचे कागद का अडकावेत, याचं उत्तर निताकडं नव्हतं. मिराबाईकडं होतं.

निताला कधी राग यायचा. इथं मी रोज जाते, रोज येते, माझा माग कुणी जपला नाही. एकदा ती तसं बोललीही. मिराबाई केरसुणीचा बांध आवळत होती. मान वर न करता म्हणाली, "तू परत येतीस ना गं."  निता परत आलेली होती, हे खरंच होतं.

गेल्या हिवाळ्यात मिराबाईला दम लागायला लागला. आधी अंगण दोन टप्प्यांत झाडायची, मग चार. मग बसून. नांदेडला नेलं तर डॉक्टरांनी हृदय मोठं झाल्याचं सांगितलं. पाय सुजले, छातीत पाणी झालं. दोनदा भरती केलं. चैत्रात तिसऱ्यांदा नेलं तेव्हा डॉक्टर निताला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, घरी न्या, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

निता संतोषला फोनवर एवढंच म्हणाली, "आता कागद बघत बसू नको." त्यानंही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तो निघाला.

त्या सकाळी मिराबाईनं खाटेवरूनच विचारलं, "वाटेवर कोन हाय?"

"संतोष," निता म्हणाली. "आत्ताच बसला इमानात."

मिराबाईनं डोळे मिटले. किती तरी दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी सैल झालेली निताला दिसली. मग डोळे न उघडताच ती म्हणाली, "केरसुणी लपवून ठेव. सुमनचा भरवसा न्हाई."

निताला एवढंच हवं होतं: तो येईपर्यंत याडीनं टिकावं. त्याच्या तोंडून एकदा तिला कळावं, की केरसुणीनं काही झालं नव्हतं. मग पुढं काय व्हायचं ते होवो. आज सकाळ ते उद्या सकाळ. एवढीच वाट.

संतोषनं तिच्या मोबाईलवर काहीतरी पाठवलं होतं. उघडलं की पृथ्वीचा नकाशा दिसायचा आणि त्यावर एक छोटं पिवळं विमान. मागं वाकडी रेघ, खाली किती किलोमीटर राहिले त्याचा आकडा. निता दर थोड्या वेळानं ते बघायची. दुपारी तिनं याडीसमोर धरलं.

"ह्यो संतोष?"

"व्हय."

"मुंगीवानी दिसतोय." मिराबाईनं बोट लावलं, तसा नकाशा सरकला आणि विमान नाहीसं झालं. ती दचकली. नितानं ते परत आणून दाखवलं.

"हालून न्हाई राहिलं."

"हालतंय याडी. लई लांबून बघतोय आपन म्हून तसं दिसतंय."

सुदाम हैदराबादला निघण्याआधी भेटायला आला होता. खाटेशेजारी उकिडवा बसून तो म्हणाला, "काकू, ह्या बारीला म्या तिकीट बघनारच न्हाई. संत्या दिसल्याशिवाय तुमाला फोन करनार न्हाई. कान धरतो."

तिनं हात हलवला. त्याच्यावर तिनं कधीच राग धरला नव्हता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "सुदाम, बैलावर किती दिस लागले असते रं एवढ्या वाटंला?"

"बैलावर?" सुदामला विषय आवडला. त्यानं मोबाईलवर हिशेब मांडला. "भरल्या बैलाचे दिवसाला सात कोस धरू?"

"सात लई झाले. पन धर."

"पावसाळ्यात बसून."

"तर! चिखलात कोन लादंल?"

सुदामनं बोटं चालवली, ओठ हलवले. "तीन वर्सं, काकू. समुद्र नसता तर."

 मिराबाईचा खांदा हलायला लागला. निता घाबरून पुढं झाली, तर ती हसत होती. हसताना दम लागत होता, आणि दम लागला तरी हसत होती.

"तीन जायाला, तीन याला," ती म्हणाली. "सहा वर्सं. आरं, मंग बैलावर गेला असता तरी आजच आला असता की!"

सुदामही हसला आणि हसता हसता उठून बाहेर गेला. जीपच्या आरशात बघत त्यानं रुमालानं तोंड पुसलेलं निताला खिडकीतून दिसलं.

ऊन उतरू लागल्यावर मिराबाईनं थोडी पेज घेतली. निताशी दोन वाक्यं बोलली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. निता दारात बसून पिवळ्या विमानाकडं बघत राहिली. ते आता समुद्र ओलांडून जमिनीवर आलं होतं. दिवा लावायच्या आधी याडीला उठवावं म्हणून ती आत गेली. खांद्याला हात लावला. हात तिथंच राहिला.

पहिल्यांदा तिनं मोबाईल बघितला. का, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. विमान चाललं होतं. खालचा आकडा कमी होत होता.

बाया जमल्या. सुमनबाईनं आधी हंबरडा फोडला, मग डोळे पुसून पदर खोचला. मयत खाटेवरून खाली घ्यायचं, त्याआधी जागा झाडून सारवायची. केरसुणी सापडेना. शेवटी तिनं स्वतःच्या घरातली आणली. निता तिच्या आडवी उभी राहिली.

"काकी, झाडू नका. संतोष वाटेवर हाय."

"आगं लेकरा, याडी गेली तुझी. आता कुनाचं झाडायचं आन कुनाचं न्हाई?"

"ती बी निघालीच हाय न्हवं?" निता म्हणाली. "ती पोचली का न्हाई, ठाव हाय तुमाला?"

 सुमनबाईनं केरसुणी भिंतीला टेकवली. न झाडल्या जागेवरच घोंगडी अंथरून मिराबाईला खाली घेतलं.

नायक अमरसिंग काठी टेकत आला. तांड्याच्या चार माणसांशी बोलला. "सकाळपत्तोर थांबू. पोरगं तोंड बघंल. पन ऊन चढायच्या आत उचलू. उन्हाचे दिवस हायेत, बाई."

नितानं मान हलवली.

थोड्याच वेळात फोन वाजला. मधल्या मुक्कामावरून संतोष बोलत होता. मागं लाऊडस्पीकरवर कुणीतरी कुठल्याशा भाषेत काही सांगत होतं.

"निता, उतरलो हितं. अजून एक इमान, मंग सुदाम. याडी जागी हाय का?"

बायांनी तोंडाला पदर लावले. 

"न्हाई," निता म्हणाली. "झोपली हाय."

"उठवू नको. सकाळी तिला सांग, निम्म्याच्या वर आलो म्हून. धूर काढला म्हून सांग."

"सांगते."

तिनं फोन बंद केला. ती घोंगडीजवळ गुडघ्यावर बसली, याडीच्या कानाशी वाकली आणि सांगितलं. सकाळपर्यंत थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन ओसरीच्या पायरीवर आलं तेव्हा जीप आली. दारात तिरडी बांधलेली होती, त्यामुळं सुदामला वाटेत काही सांगावं लागलं होतं की नाही, हे कुणी विचारलं नाही. संतोष उतरला. अंगानं भरला होता, कानाजवळ केस पांढरे झाले होते. तो चालत आत आला. हातातली चाकांची बॅग कुठं ठेवावी ते त्याला सुचलं नसावं. त्यानं ती दारामागं लोटली. सहा वर्षांच्या मातीत दोन चाकांच्या दोन रेघा उमटल्या. मग तो याडीच्या पायाशी बसला आणि त्यानं तिच्या पावलांवर डोकं ठेवलं.

निता त्याच्या बुटांकडं बघत होती. दाराबाहेर काढून ठेवलेले बूट. काळे, स्वच्छ, तळव्यालासुद्धा धूळ नाही. एवढी वाट चालून आलेला माणूस असा कोरडा, कोरा कसा आला, याचं तिला नवल वाटलं.

मागल्या अंगणात चुलीवर तिनं पहाटेच पाणी ठेवलं होतं. मयताच्या अंघोळीचं पाणी झालं, आता हे आणखी कुणाला तापवतेस, असं सुमनबाईनं एकदा विचारलं होतं. नितानं चुलीत आणखी एक लाकूड सारलं होतं. आता पाण्याला कढ आला होता आणि चुलीचा धूर न्हाणीच्या पत्र्यावरून सरळ वर चढत होता.

काल ऊन उतरताना पेजेची वाटी बाजूला सारून, भिंतीकडं वळायच्या आधी, मिराबाई तिला म्हणाली होती, "सकाळी पानी जरा जास्तीचं ठेव. लई लांबून येऊन राहिला, पाय धुळीनं भरले आसतील त्याचे."